घरची परिस्थिती आणि बाहेरचं एक माणूस

आपल्या होस्टेलमध्ये एक शब्द फार सांभाळून वापरला जातो. तो शब्द म्हणजे ‘परिस्थिती’. ‘घरची परिस्थिती जरा...’ एवढं म्हणून मुलगा थांबतो आणि ऐकणारा मान हलवून थांबतो. त्या ‘जरा’च्या पुढे काय आहे हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. मेसच्या आमटीवर, के.टी.च्या पेपरवर, सबमिशनच्या तारखांवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चर्चा होतात. पण कुणाच्या घरी काय चाललंय हे चार वर्षं एका खोलीत राहूनही कळत नाही. मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं सरांनी सांगितलं, तेव्हा ठरवलं की या ‘जरा’च्या पुढचं लिहायचं. आणि ते लिहायला मला मदत झाली ती लहान मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांची.

हसू नका मित्रांनो. थर्मोडायनॅमिक्स आणि मशीन डिझाइन वाचणाऱ्यांनी लहान मुलांच्या पुस्तकांवर लिहावं हे विचित्र वाटेल. पण घरात ओढाताण असलेल्या मुलांच्या ज्या गोष्टी आपण शाळेत वाचल्या, त्या आपण अर्ध्याच वाचल्या असं माझं मत आहे. आपण त्या रडण्यासाठी वाचल्या. त्यातला हिशेब वाचायचा राहिला.

सुरुवात अर्थातच ‘श्यामची आई’पासून. मी मंगळवेढ्याकडचा, झेडपीच्या शाळेतला. चौथीत आमचे गुरुजी शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला या पुस्तकातली एकेक ‘रात्र’ वाचून दाखवायचे. एकूण बेचाळीस रात्री, त्यामुळे वर्षभर पुरलं. मुली रडायच्या, मुलं डोळ्यांत कचरा गेल्याचं सोंग करायची. त्याच वर्षी आमच्या घरी बोअर मारला होता. पाणी लागलं नाही, कर्ज मात्र लागलं. रात्री आई-वडील हळू आवाजात आकडे बोलायचे आणि मी गोधडीत जागा असायचो. मला वाटायचं, मी सायकल मागितली होती म्हणून हे झालं असणार. नऊ वर्षांच्या पोराला दुसरं कारण कुठून सुचणार?

आणि शाळेत गुरुजी वाचत होते ते काय होतं? श्यामचं घर एकेकाळी बरं खाऊन-पिऊन असलेलं. मग वाटण्या, कोर्टकज्जे, सावकाराचं कर्ज, व्याज, शेवटी घरावर जप्ती. आईचं आजारपण आणि मरण यांवर सगळे रडतात, पण तिथपर्यंत घर कसं कसं खाली येत गेलं ते साने गुरुजींनी पायरी-पायरीनं सांगितलंय. ते ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की घर खाली येतं त्याला कारणं असतात, ती मोठ्यांच्या व्यवहारातली असतात, आणि त्यात पोराच्या सायकलीचा काही संबंध नसतो. संस्कार वगैरे नंतर. त्या वयात मला या पुस्तकानं दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हा दिलासा.

ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांनी निदान सिनेमा पाहिलेला असतो. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा ‘श्यामची आई’ राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट ठरला. २०२३ मध्ये याच पुस्तकावर नवा सिनेमाही आला. पण पुस्तकाच्या जन्माची हकिगत होस्टेलवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याच्या आधी, १९३० ला सत्याग्रहात उतरेपर्यंत, गुरुजी अमळनेरला शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचे प्रमुख होते. म्हणजे आजच्या भाषेत रेक्टर! घर सोडून शिकायला आलेल्या मुलांसाठी ते हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. रात्री लिहायचं, सकाळी मुलांनी वाचायचं. मुलांच्या खोल्या न सांगता झाडून ठेवायचे, असंही त्यांच्याबद्दल सांगतात. तेव्हा ‘श्यामची आई’ ही एका होस्टेलच्या रेक्टरनं लिहिलेली गोष्ट आहे. आपल्या रेक्टर सरांनी हा परिच्छेद मनावर घेऊ नये, खोल्या आम्हीच झाडू.

दुसरं पुस्तक मला इथं कॉलेजात भेटलं. कम्युनिकेशन स्किल्सच्या मॅडमनी सांगितलं, एक इंग्रजी कादंबरी वाचा आणि पाच मिनिटं त्यावर बोला. मी लायब्ररीत गेलो आणि कपाटातलं सगळ्यात पातळ पुस्तक उचललं. निवडीचा निकष तेवढाच होता. ते निघालं अनिता देसाईंचं ‘द व्हिलेज बाय द सी’. १९८२ चं पुस्तक, मुलांसाठीच लिहिलेलं, १९८३ चं गार्डियन पारितोषिक मिळालेलं. इंग्रजी असलं तरी गाव आपलं. रायगड जिल्ह्यातलं, अलिबागजवळचं थळ. गोष्ट खऱ्या गावाची आणि खऱ्या माणसांची आहे, फक्त नावं बदललीत, असं लेखिकेनं सुरुवातीलाच सांगून टाकलंय.

थळचं नाव आपल्या केमिकलवाल्यांना माहीत असेल. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा मोठा खत कारखाना तिथं आहे. बॉम्बे हायच्या गॅसपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया. १९८५ मध्ये तो सुरू झाला. आपण त्याच्याकडे प्लांट म्हणून बघतो. कादंबरी त्याच्या आधीची आहे, जेव्हा कारखाना येणार अशी नुसती कुणकुण गावात होती. लीला आणि हरी ही बहीण-भावंडं बारा-तेरा वर्षांची. दोघांची शाळा सुटलेली. बाप दारूत बुडालेला. त्याची होडी गेलेली. आई अंथरुणाला खिळलेली. धाकट्या दोन बहिणी. घरात काय शिजवायचं हा रोजचा प्रश्न. कारखान्याच्या विरोधात गावकरी होड्यांतून मुंबईला मोर्चा नेतात, त्यांच्याबरोबर हरी जातो आणि परत न येता तिथंच राहतो. एका कळकट खानावळीत भट्टीसमोर काम करतो. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे पानवाला असतात. ते या पोराला दुपारी बोलावून घड्याळाचं काम शिकवतात.

पाच मिनिटांच्या भाषणासाठी घेतलेलं पुस्तक मी एका रात्रीत संपवलं. दुसऱ्या दिवशी बोलताना मात्र अडखळलो. मी तयारी केली होती ती ‘हरीनं कष्टानं परिस्थितीवर मात केली’ या वाक्याची, आणि बोलता बोलता लक्षात आलं की गोष्टीत तसं घडतच नाही! हरी मुंबईहून आणतो ते थोडेसे पैसे आणि एक कला. आईवर उपचार होतात ते हरीमुळे नाही. सुट्टीत समुद्रावरच्या बंगल्यात राहायला येणारं मुंबईचं कुटुंब तिला अलिबागच्या दवाखान्यात पोचवतं. बाप दारू सोडतो ती दवाखान्याच्या दारात बसून. हरीला खानावळीत जागा मिळते ती एका वॉचमननं हात धरून नेलं म्हणून. आणि घड्याळाचं काम येतं ते पानवालांमुळे. पोरानं जीव तोडून कष्ट केले हे खरंच. पण नुसत्या कष्टानं ते घर उभं राहिलं नसतं, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे दहावी-बारावीचा निकाल लागला की पेपरात बातम्या येतात. विडी कामगाराच्या मुलीचं यश, यंत्रमाग कामगाराच्या मुलाची भरारी. सोलापूरकरांना या बातम्या तोंडपाठ आहेत. फोटोत आई पेढा भरवते. बातमी वाचून अभिमान वाटतो, वाटावाही. पण बातमी फक्त शेवटचं पान छापते. त्या मुलीला फॉर्म कुणी भरून दिला, शेजारच्या कोणत्या काकूंनी अभ्यासाला खोली दिली, कोणत्या बाईंनी जुनी पुस्तकं आणून दिली, हे बातमीत मावत नाही. त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात एक सोपं समीकरण बसतं : हुशारी अधिक मेहनत बरोबर यश. ज्याचं जमलं नाही तो मग स्वतःलाच दोष देत बसतो. चांगली कादंबरी मधली पानं छापते. म्हणून मला बातमीपेक्षा कादंबरी जास्त खरी वाटते.

एकदा हा चष्मा लागला की सगळीकडे तेच दिसायला लागतं. आनंद यादवांची ‘झोंबी’ घ्या. १९८७ ची, साहित्य अकादमी मिळालेली. ती लहान मुलांसाठी लिहिलेली नाही, पण लहान मुलाचीच आहे. कागलच्या मळ्यात बापानं पोराची शाळा सोडवलेली. पोरगा आणि आई दोघं मिळून गावातल्या दत्ताजीराव देसाईंकडे जातात आणि त्यांच्याकरवी बापाला समजावतात. शाळा पुन्हा सुरू होते ती तिथून. साता समुद्रापलीकडचं उदाहरण द्यायचं तर चार्ल्स डिकन्स. १८२४ मध्ये बाप कर्जापायी तुरुंगात गेला आणि बारा वर्षांचा डिकन्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत बसला. पुढं त्याच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये आणि ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’मध्ये अडलेल्या पोराला हात देणारी बाहेरची माणसं येतातच. पालगडचं कर्ज असो की लंडनचं, पोराच्या वाट्याला येणारं दुःख सारखंच. आणि त्यातून वाट निघते तीही सारखीच : पोरगं, घर, आणि घराबाहेरचं एक माणूस. हे माणूस फार मोठं नसतं. घड्याळजी असतो, वॉचमन असतो, मास्तर असतो. ते घरात ढवळाढवळ करत नाही, उपकार केल्यासारखं वागत नाही. फक्त त्याच्या लक्षात येतं आणि ते विचारतं.

आता पुस्तकं बाजूला ठेवतो आणि आपल्याच आवारातली गोष्ट सांगतो. आमच्या वर्गातला एक मित्र पूर्व भागातला. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि चिडला की खास सोलापुरी. राहायला गावातच, पण अभ्यासाला रोज संध्याकाळी होस्टेलवर यायचा, कारण त्यांच्या गल्लीत घराघरात माग. दिवसभर खडखडाट. वडील मागावर कामाला, आई घरी विड्या वळणारी. तेंदूची पानं आणि तंबाखू कारखान्यातून आणायची, वळून मोजून परत द्यायची, हजारावर मजुरी. त्याच्या प्रोजेक्ट रिपोर्टला सुद्धा तंबाखूचा वास यायचा आणि तो स्वतःच त्यावर विनोद करायचा.

मागच्या वर्षी त्याचे वडील छातीच्या दुखण्यानं घरी बसले. हे त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं. तो येत होता, हसत होता, असाइनमेंट देत होता. लक्षात आलं ते वर्कशॉपच्या मामांच्या. दुपारच्या सुट्टीत तो लेथच्या मागं एकटाच बसलेला. मामांनी विचारलं, “का रे, जेवला न्हाईस?”

“भूक नाही मामा.”

“भूक न्हाई का डबा न्हाई?”

या प्रश्नाला उत्तर द्यायला त्याला बराच वेळ लागला. पण त्या दिवशी त्यानं सगळं सांगितलं. तीन महिने वडिलांची मजुरी बंद, घर आईच्या विड्यांवर, आणि यंदा परीक्षेचा फॉर्म भरायचा नाही असं त्यानं मनाशी ठरवून टाकलेलं. कुणाला न सांगता कॉलेज सोडायचं आणि मागावर उभं राहायचं.

मामांनी भाषण दिलं नाही. आपला डबा उघडून अर्धी भाकरी त्याच्यापुढे ठेवली आणि संध्याकाळी त्याला घेऊन सरांकडे गेले. सरांनी ऑफिसात शब्द टाकून फी भरायला मुदत मिळवून दिली. ऑफिसातल्या मॅडमनी विचारलं, “आईकडं विडी कामगाराचं ओळखपत्र आहे का?” होतं. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, त्याला ते कार्ड लागतं. गंमत म्हणजे कार्ड घरात ट्रंकेत होतं आणि शिष्यवृत्ती कॉलेजात नोटीस बोर्डावर होती, पण दोन्हींची गाठ कुणी घालून दिली नव्हती. त्या वर्षीची तारीख निघून गेलेली. यंदा अर्ज भरलाय. मधल्या काळासाठी मामांनी एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये त्याला शनिवार-रविवार काम बघून दिलं. आता तो आमच्यात सगळ्यात चांगला टर्नर आहे. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी टूल अँगल विचारले तर यानं उलट त्यांना कार्बाइड टिपच्या किमती सांगितल्या.

वडील पूर्ण बरे झालेले नाहीत. आईच्या विड्या सुरूच आहेत. त्याचा एक विषयही राहिलाय. म्हणजे पेपरात फोटो येईल असं काहीच झालेलं नाही. पण तो वर्गात आहे, आणि त्याच्या परवानगीनंच मी हे लिहितोय. लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, “का बे, मला हिरो केलास की!” मी म्हटलं, हिरो तू नाहीस, मामा आहेत. तर म्हणाला, “मग बराबर हाय.”

हाच लेख आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला दाखवला, तर तिनं वेगळाच मुद्दा काढला. ती म्हणाली, “तुम्ही मुलं हरीचीच गोष्ट सांगता. लीलाचं काय?” खरंच आहे. हरी बाहेर पडतो, त्याला मुंबई दिसते, कला मिळते. लीला घरात राहते. आजारी आई, दारुडा बाप, दोन धाकट्या बहिणी हे सगळं ती एकटी ओढते. बंगल्यातल्या माणसांपुढे आईच्या आजाराचं तोंड उघडते ती लीलाच, आणि म्हणून आई दवाखान्यात पोचते. ओढाताणीच्या घरात मुलगा बाहेर जातो तेव्हा गोष्ट दिसते. मुलगी घरात राहते तेव्हा ती कामात बुडून जाते आणि कुणाला दिसत नाही. सोलापुरात आईच्या शेजारी बसून विड्या वळता वळता शाळा सुटलेल्या मुली कमी नाहीत. मैत्रीण पुढे म्हणाली, “लेडीज होस्टेलमध्ये ‘परिस्थिती’ हा शब्द पण कुणी काढत नाही. सरळ ‘लग्न ठरलं’ म्हणतात.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तिचं वाक्य जसंच्या तसं इथं दिलंय.

जाता जाता पुन्हा साने गुरुजींकडे येतो, कारण त्यांची एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातली आहे. ‘श्यामची आई’मध्ये एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महार बाईला लाकडाची मोळी डोक्यावर घ्यायला श्यामची आई श्यामला पाठवते. त्या काळात ब्राह्मणाच्या मुलानं तिला शिवायचं म्हणजे गावाचा रोष. स्वतःचं घर कर्जात, घरात चणचण, तरी ही बाई पोराला सांगते, जा, हात लाव. म्हणजे जिच्या घराला बाहेरच्या माणसाची गरज होती, तीच आपल्या पोराला दुसऱ्याचं ‘बाहेरचं माणूस’ व्हायला शिकवत होती. आणि हेच पोरगं मोठं होऊन १ मे १९४७ ला आपल्या पंढरपुरात उपोषणाला बसलं. विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना उघडावं म्हणून दहा दिवस गुरुजींच्या पोटात अन्न नव्हतं. १० मे रोजी उपोषण सुटलं, मंदिर खुलं करण्याचा मार्ग मोकळा झाला. पालगडच्या त्या मोळीपासून पंढरपूरच्या दारापर्यंत एक सरळ रेषा काढता येते असं मला वाटतं. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये आपली रेषा सरळ येत नाही ही गोष्ट वेगळी.

तर मित्रांनो, सांगायचं एवढंच. आपल्यातल्या प्रत्येकाला साने गुरुजी होता येणार नाही आणि कुणी तशी अपेक्षाही करत नाही. पण वर्कशॉपचे मामा होता येईल. त्याला पैसे लागत नाहीत. समोरचा ‘घरची परिस्थिती जरा...’ म्हणून थांबला की आपण थांबायचं नाही, पुढचा प्रश्न विचारायचा. हळू आवाजात, चारचौघांत नाही, पण विचारायचा. आणि ज्याच्या घरी ते ‘जरा’ आहे त्यानं हे लक्षात ठेवायचं की सांगितल्यानं आपण लहान होत नाही. हरीनं वॉचमनला सांगितलं, कागलच्या पोरानं दत्ताजीरावांना सांगितलं. पुस्तकातली पोरं एवढी धीट असतील तर आपण तर विशीतले आहोत.

दोन्ही पुस्तकं आपल्या लायब्ररीत आहेत. ‘श्यामची आई’ मराठीच्या कपाटात वरच्या खणात, ‘द व्हिलेज बाय द सी’ इंग्रजीच्या कपाटात. तुमच्या ज्युनिअरला नेऊन द्या. आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची नोटीस लागली की नुसता फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. ज्याला ती लागणार आहे असं तुम्हाला वाटतं, त्याच्या खोलीचं दार वाजवा. तारीख निघून जायच्या आत.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी